उभ्या सायकलीचं माप

फरीदाबादच्या आमच्या गच्चीवरून पश्चिमेकडे बघितलं की कारखान्यांच्या चिमण्या दिसायच्या आणि चिमण्यांच्या मागे एक राखाडी रेघ. ती रेघ म्हणजे डोंगर आहे हे मला माहीत होतं, पण डोंगर म्हणून मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. विजेच्या तारा असतात, टाक्या असतात, तशी तीही होती. पप्पा साताऱ्याकडून इथे ट्रॅक्टरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले, आई लग्नानंतर आली, मी इथेच जन्मले. आमच्या तिघांपैकी कुणीही त्या रेघेपर्यंत गेलेलं नव्हतं. तिकडे आमचं काही काम नव्हतं.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. दिल्लीत भूगोलाला प्रवेश मिळाला. त्या वर्षी आमच्या मॅडमनी वर्गाला रिजवर, म्हणजे शहरातल्या जंगली टेकाडावर, नेलं. हिंदूरावच्या चढावर, झाडीत, एका उघड्या खडकापाशी त्या थांबल्या. म्हणाल्या, "हाथ रखिए इस पर. हिमालय से बहुत पुराना है." आम्ही एकेक करून हात ठेवला. खडक उन्हानं तापलेला होता. मॅडम सांगत होत्या की हे अरवलीचं शेपूट आहे, दिल्लीच्या घरांखालून आणि रस्त्यांखालून ते दक्षिणेला जातं, फरीदाबाद आणि गुडगावच्या मधून राजस्थानात, तिथून गुजरातपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "फरीदाबाद से कौन है?" मी हात अर्धा वर केला.

"तुम्हारे तो घर के पीछे है. गई हो कभी?"

मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते मलाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी थेट गच्चीवर गेले. रेघ तिथेच होती. जिच्यावर मी दुपारी हात ठेवला होता तीच ही, इतक्या लांबून माझ्या आधी घरी येऊन उभी राहिलेली.  लहानपणापासून ज्याच्यासमोर कपडे वाळत घातले ते एवढं जुनं होतं आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या डोंगरावर जायचं आणि पलीकडे काय आहे ते बघायचं, एवढंच मग मनात राहिलं.

तिकडे बस जात नव्हती. एकटीनं चालत जाणं घरी कुणालाच मान्य नव्हतं, मलाही नाही. सायकल सुचली ती कॉलेजातल्या एका मुलामुळे. तो एकदा मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवरून सायकलवर बसूनच खाली उतरला. सायकलीच्या मधोमध जाडजूड स्प्रिंग होती. प्रत्येक पायरीला सायकल वाकायची आणि परत उठायची, आणि वर तो मुलगा जवळजवळ स्थिर. मी पुस्तकं छातीशी धरून उभीच राहिले. इतकी वर्षं सायकल बघत आले होते, पण सायकलीला गुडघे असतात हे मला नवीन होतं.

शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन मी थोडे पैसे साठवले होते. पप्पांनी भर घातली आणि एका रविवारी आम्ही दोघं झंडेवालानच्या सायकल बाजारात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे बघितलं आणि पप्पांना म्हणाला, "बेटी के लिए? ये देखिए साहब, टोकरीवाली. किताबें इसी में आ जाएँगी."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वरच्या खुंटीकडे बोट दाखवलं.

"वो? वो तो लड़कों की है."

"हमारी लड़की लड़कों को ट्यूशन पढ़ाती है," पप्पा म्हणाले. "दिखाइए."

त्यानं सायकल खाली काढली. पुढेमागे स्प्रिंगा असलेल्या डबल शॉकरमधली सगळ्यात स्वस्त तीच होती, निळी, दांड्यावर पिवळ्या ज्वाळा रंगवलेल्या. दुकानदारानं मधल्या स्प्रिंगवर नखानं टक्‌टक्‌ केलं. "डबल शॉकर है. गड्ढा पता ही नहीं चलेगा." मला ती दाबून बघायची होती, पण दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो, आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

पप्पा सायकलीभोवती फिरले. "कैरियर?"

"इसमें कैरियर नहीं आता, साहब."

"स्टैंड?"

"स्टैंड भी नहीं आता."

"मडगार्ड?"

दुकानदारानं दुःखद बातमी सांगावी तशी मान हलवली. पप्पा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अगं, मग ही अर्धीच सायकल आहे."

अर्धीच सायकल आम्ही खोक्यातून घेतली, हँडल आणि पुढचं चाक सुटं असलेली. फरीदाबादच्या लोकलमध्ये दूधवाल्यांच्या डब्यात चढवली, रिकाम्या कॅनांच्या मध्ये. एका दूधवाल्यानं खोक्यावरचं चित्र बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "इसमें कैन कहाँ लटकाओगे?"

"वही सोच रहा हूँ," पप्पा म्हणाले.

घरी आईनंही तेच विचारलं, फक्त तिच्या पद्धतीनं. ती सायकलीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि जिथे कॅरिअर असायला हवं तिथे हवेत हात फिरवून म्हणाली, "आणि मागच्यानं बसायचं कुठं?"

आमच्या घरी हा प्रश्न साधा नव्हता. आई लग्न होऊन फरीदाबादला आली तेव्हा स्टेशनपासून खोलीपर्यंत पप्पांच्या काळ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून आली होती. बाजार, दवाखाना, माझी शाळा, सगळं त्याच कॅरिअरवर झालं. त्या सायकलवर पप्पा एकटे बसलेले मी पाहिले ते फक्त कारखान्याला जाताना, आणि तेव्हाही मागे डबा बांधलेला असायचा. एकाच माणसासाठी बनवलेलं वाहन ही कल्पनाच आम्हाला परकी होती. आई म्हणाली, "असली सायकल म्हणजे एका माणसाचं ताट. पाहुणा आला तर काय करायचं?"

पप्पा म्हणाले, "बघतो मी."

दसरा जवळ आला होता. दसऱ्याला आमच्याकडे पप्पांचे फिटरचे पाने, आईचं शिवणयंत्र आणि काळी सायकल यांची पूजा होते. नवी सायकलही पूजेला ठेवायची आणि तोवर तिच्यावर कुणी बसायचं नाही असं आईनं जाहीर केलं. पप्पांना तेवढा वेळ मिळाला. त्यांनी सायकल जोडली, तिला जाड स्टँड लावला, मडगार्ड लावले, घंटी लावली. मग रोज ड्यूटीवरून आल्यावर अंगणात बसून ते माप घेत. सळया कापल्या, वाकवल्या, ओळखीच्या वेल्डरकडून जोडून आणल्या, पॉलिश करून आणल्या. दोन पाय मागच्या चाकाच्या नटांवर आणि पुढचं टोक सीटच्या दांड्याला, असा तो कॅरिअर त्यांनी आवळून बसवला. तसा चकचकीत कॅरिअर आमच्या गल्लीत कुणाकडे नव्हता. कडांना त्यांनी गोलाई दिली होती, आईच्या साडीचा काठ अडकू नये म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी आईनं हँडलला झेंडूची माळ घातली, स्प्रिंगला हळदकुंकू लावलं, आणि मी पहिल्यांदा त्या सायकलवर बसले. मागे आई बसली, एका बाजूला पाय सोडून, एक हात माझ्या कमरेला. गिअर बदलताना कट्‌ असा आवाज यायचा आणि पायांखालचं ओझं एकदम हलकं व्हायचं. आई मागे असूनही मी उड्डाणपुलाचा चढ न उतरता चढले. मेट्रोचे नवे खांब आमच्या बाजूनं एकामागून एक जात होते. लोक बघत होते. आई म्हणत होती, "बघू दे."

स्प्रिंग मात्र हलत नव्हती. खड्ड्यात गेलं की दणका थेट कमरेत यायचा. मला वाटलं, मी हलकी आहे म्हणून दबत नसेल. मग आई मागे असतानाही दबली नाही, तेव्हा वाटलं, स्वस्तातली आहे, तेवढीच असणार. स्वस्त वस्तूकडून फार मागू नये असंच आम्ही शिकलो होतो. शिवाय गिअर होते, चढ होता, मी खूश होते.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आईला मागे बसवून डोंगराकडे गेले. एकटीला सोडायला ती तयार नव्हती. वस्ती संपते, डांबरी रस्ता संपतो, तिथे एक चहाची टपरी होती आणि तिच्या मागून लाल मातीची वाट किकरांच्या, म्हणजे बाभळींच्या, झाडीत वर जात होती. जवळून ती रेघ राखाडी नव्हतीच. गुलाबी, तांबूस, कुठे पांढरी चमकणारी. आई चहा पीत बाकावर बसली. मी वाटेच्या तोंडाशी उभी राहून आत बघत राहिले. झाडीतून मोर ओरडला. मी दगडावर हात ठेवला. तोच खडक होता.

तेवढ्यात वरून माणसं आली, सायकलवरून. आधी नुसता खडखडाट, मग धूळ, मग आठ-दहा जण उड्या घेत खाली. आई उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बघ, सगळ्यांनी डोक्यावर टोपल्या घातल्यात."

त्यातल्या एकीनं ब्रेक दाबला आणि हसत आमच्याकडे वळली. "काकू, टोपली नाही, हेल्मेट."

आईचा चेहरा असा उजळला की जणू बाकावर तिचं माहेर येऊन बसलं. "कुठल्या तुम्ही?"

त्या पुण्याच्या होत्या, गुडगावच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायच्या, आणि दर रविवारी या गटाबरोबर डोंगरावर यायच्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. त्यांची सायकल त्यांनी बोलता बोलता दोन बोटांनी उचलून झाडाला टेकवली. मी ते परत परत बघत होते. तिला घंटीसुद्धा नव्हती.

"वर गेलीस कधी?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

"वरून पलीकडे सगळं गुडगाव दिसतं. पुढच्या रविवारी ये आमच्याबरोबर. काकू, पाठवाल ना?"

आईनं त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. तिच्या मनातले सगळे प्रश्न मला माहीत होते. तिनं एकच विचारला. "चहा घेणार ना?"

असं माझं ठरलं. ताई असणार म्हणून पुढच्या रविवारी आईनं मला एकटीला सोडलं आणि मी उजाडताच टपरीवर हजर होते. ताईंनी जास्तीचं हेल्मेट आणलं होतं. गटाचे म्होरके एक दाढीवाले सरदारजी होते, निवृत्त, सगळे त्यांना पाजी, म्हणजे थोरले भाऊ, म्हणायचे. त्यांनी माझा कॅरिअर बघितला, स्टँड बघितला, मडगार्ड बघितले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लो जी, दूध भी आ गया."

सगळे हसले. मीही हसले. त्यात वाईट काही नव्हतं.

पण पहिल्याच वळणावर, जिथे खडकांच्या पायऱ्या सुरू होतात, तिथे माझी सायकल प्रत्येक दगडाला घोड्यासारखी मागून उडायला लागली. दोनदा मी सीटवरून फेकली गेले. तिसऱ्यांदा ताई मागून आल्या, उतरल्या आणि म्हणाल्या, "थांब जरा." त्यांनी माझ्या सीटवर दोन्ही हातांनी भार टाकला. सायकल हलली नाही. परत टाकला. मग त्या वाकल्या आणि कॅरिअरच्या सळईवरून बोट फिरवत चाकापर्यंत गेल्या आणि चाकापासून सीटपर्यंत परत आल्या.

"अगं, तुझा कॅरिअर दोन्हीकडे बांधलाय. चाक वर-खाली व्हायला हवं ना, सीट तिथेच राहून? यानं दोन्ही एकत्र जखडलंय. तुझा मागचा शॉक चालूच झालेला नाही अजून." त्यांनी वर बघितलं. "काढून टाक. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे पाना आहे."

"नको," मी म्हटलं.

"का गं?"

 सळयांच्या कडांची ती गोलाई माझ्या डोळ्यांसमोर होती.

पाजी परत मागे आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि या वेळी ते हसले नाहीत. "बेटा, ऊपर तक पथरीला है. उतराई में ये टूटा तो पीठ में घुसेगा. अगले संडे निकाल के आना. इसके साथ मैं नहीं ले जा सकता."

मी तिथूनच परतले. वर जाणाऱ्यांचा आवाज झाडीत विरेपर्यंत उभी राहिले आणि मग सायकल हातात धरून खाली आले. डोंगर एक वळण वर राहिला होता.

तो आठवडा मला जड गेला. पप्पा रोज संध्याकाळी कामावरून आले की फडक्यानं आधी नवा कॅरिअर पुसायचे, मग आपली सायकल. त्यांना मी काय सांगणार होते? तुम्ही मेहनतीनं केलंत आणि त्यामुळेच माझी सायकल चालत नाही? आणि दुसरंही होतं. कॅरिअर काढला की आईची जागा जाणार होती. मी कॉलेजात गेल्यापासून घरात बऱ्याच गोष्टी अशा होत होत्या की त्यात त्या दोघांना बसायला जागा नसायची. माझी पुस्तकं इंग्रजीत होती. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की आई हिंदीत दोन वाक्यं बोलून आत जायची. निदान सायकलवर तरी मागे जागा होती. गप्प बसले असते तर डोंगर हातचा गेला असता, इतकंच.

शुक्रवारी आईला भाजीबाजारात जायचं होतं. मी तिला मागे बसवून निघाले. मेट्रोच्या कामानं रस्ता उखडलेला होता. दोन-तीन खड्डे झाले, एक गतिरोधक झाला, आणि मागून आईचा आवाज आला.

"काय गं, तुझ्या पप्पांच्या सायकलीपेक्षा हीच जास्त आदळते."

मी पुढचा खड्डा चुकवला.

"मग एवढी मोठी स्प्रिंग कशाला दिलीये? शोभेला?"

मी ब्रेक लावला. रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या कुंपणाशी, सायकल धरूनच मी तिला सगळं सांगितलं. पाजींचं बोलणंही. आई पिशव्या हातात घेऊन ऐकत होती.

"पप्पांना सांगू नकोस," मी शेवटी म्हटलं.

"बरं," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी पप्पा चहाचा पहिला घोट घेतायत तोच तिनं सांगितलं. "अहो, तुमच्या कॅरिअरनं तिची स्प्रिंग जखडलीये. म्हणून सायकल आदळते. डोंगरावर नेत नाहीत तिला."

मी जमिनीकडे बघत बसले. पप्पांनी कप खाली ठेवला आणि अंगणात गेले.  मग पान्याचा आवाज आला. मी दारात आले तेव्हा ते सीटखालचा नट सैल करत होते. कॅरिअरचं पुढचं टोक सुटलं. पप्पांनी सीटवर तळवा ठेवला आणि दाबला.

सायकल खाली गेली. स्प्रिंग आवळली गेली आणि हात काढताच परत उघडली, सावकाश नाही, जरा उसळीच घेऊन. पप्पांनी परत दाबलं. परत. मग उकिडवे बसून, तोंड स्प्रिंगच्या अगदी जवळ नेऊन, ते एका हातानं सीट दाबत राहिले आणि बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही, वाईट वाटलेलंही दिसलं नाही. देवळात पहिल्यांदा आत सोडलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

"अगं, इकडे ये," ते आईला म्हणाले. "हे बघ. श्वास घेतल्यासारखं करतंय."

आईनंही दाबून बघितलं. "मऊ आहे की."

"मी माप घेतलं तेव्हा ती स्टँडवर उभी होती," पप्पा म्हणाले. कुणाला ते कळलं नाही, बहुतेक स्वतःलाच. "कारखान्यात आम्ही तसंच घेतो, मशीन बंद करून. उभ्या माणसाचं माप घेऊन पँट शिवली आणि मग म्हटलं, बस खाली." ते हसायला लागले. "गुडघाच बांधून टाकला होता बिचारीचा."

मग ते थांबले आणि कॅरिअरकडे बघून म्हणाले, "पण मग आई कुठं बसणार?"

"मी कशाला बसू?" आई म्हणाली. "तिला डोंगरावर जायचंय. मला काय डोंगरात मेथी घ्यायचीये?"

"तसं नाही गं. एरवी."

"एरवी तुमची आहे ना काळी. एवढी वर्षं बसले, आता काय पडले?"

ती हे इतक्या सहज बोलली की मी तिच्याकडे बघतच राहिले. आठवडाभर मी जे मनात धरून बसले होते, ते तिनं पदराला हात पुसत बाजूला ठेवून दिलं.

शनिवारी दुपारपासून पप्पा आणि मी सायकलच्या मागे लागलो. ताई फोनवर एकेक सांगत गेल्या आणि मी पप्पांना ओरडून सांगत गेले. स्टँड काढ. मडगार्ड काढ. घंटी ठेवली तरी चालेल. आमच्याकडे सुधारणा म्हणजे काहीतरी लावणं असायचं. इथे प्रत्येक सुधारणा काहीतरी काढून होत होती. पोत्यात सामान वाढत गेलं तशी सायकल हलकी होत गेली, आणि पप्पा मधूनमधून ती उचलून बघायचे. "आता उरलं काय?" ते म्हणायचे, पण आवाजात कौतुक होतं. ताईंनी ऑफिसच्या गाडीतून स्वतःचे जुने टायर पाठवले होते, जाड गाठींचे. ते चढवले. स्प्रिंगच्या डोक्याशी एक चकती होती, ती फिरवली की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते. मला सीटवर बसवून पप्पांनी ती मला जमेल इतकी मऊ केली. या वेळी माप बसलेल्या माणसाचं होतं.

राहिला कॅरिअर. तो अंगणात उन्हात पडलेला होता आणि झगझगत होता. पप्पांनी काळी सायकल आणली, तिचा गंजलेला कॅरिअर काढला आणि नवा लावून बघितला. काळीचं चाक मोठं, पाय आखूड पडले. त्यांनी पट्ट्यांचे तुकडे जोडून पाय लांब केले. थोडा तिरपा बसला.

रविवारी सकाळी मी एकटी निघणार होते, पण आई म्हणाली, "त्या सरदारजींना मी बघितलेलं नाही नीट." मग आम्ही तिघंही निघालो, पुढे मी, मागे काळीवर पप्पा आणि नव्या कॅरिअरवर आई, वस्ती संपेपर्यंत. टपरीवर पाजींनी माझ्या सायकलकडे बघितलं, मग काळी सायकल बघितली, तिच्यावरचा चकचकीत कॅरिअर बघितला. त्यांच्या लक्षात आलं असावं. ते पप्पांना म्हणाले, "भाईसाहब, बढ़िया बनाया है." पप्पांनी नुसती मान झुकवली आणि चहा सांगितला. चार कप सांगितले, एक पाजींना.

मी वर गेले. त्याच वळणावर, त्याच खडकांवर, सायकल माझ्याखाली वाकली आणि उठली. मागचं चाक दगडावर चढलं आणि मी तिथेच राहिले, सीटवर. एवढंच झालं. पण मला आठवतं, मी हसत होते आणि हसू आवरत नव्हतं आणि ताई मागून म्हणत होत्या, "तोंड मिट, माशी जाईल." कमी पैशातली सायकल होती. सांध्यांतून करकर आवाज येत होता, स्प्रिंग उगाच दोनदा जास्त उसळत होती, चढावर ती ताईंच्या सायकलीच्या दुप्पट जड वाटत होती. तरी ती तेच करत होती जे त्या मुलाच्या सायकलनं पायऱ्यांवर केलं होतं.

जुन्या खाणींच्या कडेनं वाट वर गेली. खाणींत खोल हिरवं पाणी साठलेलं होतं, इतकं स्तब्ध की त्यात खडकाचे थर उलटे दिसत होते, पुस्तकातल्या आकृतीसारखे. मग वाट सपाट झाली, झाडी संपली आणि सगळे उतरले. मीही उतरले.

पलीकडे गुडगाव होतं. काचेच्या इमारती, उन्हात पेटल्यासारख्या, त्यांच्यामध्ये अर्धवट इमारती आणि त्यांच्यावर वाकलेल्या क्रेन. ताईंनी त्यातल्या एका काचेकडे बोट दाखवलं. "तिथे मी बसते, अकराव्या मजल्यावर." ते सगळं नवं होतं, माझ्याहूनही नवं. आणि पायाखाली हे होतं. मी वळून आमच्या बाजूला बघितलं. तिकडे धुरकट सपाटी, पत्र्यांची छपरं, आणि चिमण्या. इतकी वर्षं मी तिथून इकडे बघत होते. आज पहिल्यांदा इथून तिकडे बघत होते. खडकावर बसले आणि हात टेकवला. 

उतारावरून खाली येतानाचा शेवटचा टप्पा टपरीवरून दिसतो. आई-पप्पा बाकावरून उठून उभे राहिले होते. मी थांबले तशी आई म्हणाली, "परत वर जाऊन ये बघू एकदा. मी चहा पीत होते, नीट दिसलं नाही."

मी परत थोडी वर गेले आणि परत उतरले.

घरी जाताना रस्ता रिकामा होता. मी काळीच्या बाजूनं चालवत होते. आईनं मागून विचारलं, "पलीकडे काय आहे गं?"

मी सांगितलं. पाणी, काच, क्रेन, ताईंचा अकरावा मजला.

"आणि आपलं घर दिसलं?"

"घर नाही दिसलं. पप्पांच्या कंपनीची चिमणी दिसली."

पप्पांचे पाय पेडलवर थांबले. सायकल आपोआप पुढे जात राहिली. "आमची चिमणी? तिथून?"

"हो. लाल पट्ट्याची ना?"

"धूर होता?"

"नव्हता."

"बरोबर," ते म्हणाले. "रविवार आहे."  एकदा मान वळवून त्यांनी डोंगराकडे बघितलं.

मेट्रोच्या कामाचा उखडलेला रस्ता सुरू झाला. पप्पांनी वेग कमी केला. "तू पुढे हो," ते म्हणाले. "आम्हाला बघू दे."

मी पुढे गेले. खड्डा आला, मी तो चुकवला नाही. मागून काळीचा खडखडाट येत होता आणि त्यावर आईचा आवाज, तिरप्या कॅरिअरवर दणके खात, तरीही पप्पांना सांगणारा: "बघा, बघा. गेली खाली. आली वर."